दान व्यक्तीला की संघाला?



दानपारमितेवर बोलायचे तर आपल्या घरांतली एक अडचण आधी समजून घेतली पाहिजे. इतरांच्या घरी दान हा शब्द देण्याच्या बाजूने आला. आपल्या घरी तो घेण्याच्या बाजूने आला. ज्याच्या घरी येसकरपाळी असे तो माणूस हातात काठी, खांद्यावर घोंगडे घेऊन तिन्हीसांजेला गावात फिरे आणि दाराबाहेर उभा राहून भाकर मागे. वास्तविक ती भाकर त्याच्या कामाची मजुरी होती. गावाची राखण त्याने केलेली, सांगावे त्याने पोचवलेले, मेलेले ढोर त्यानेच ओढलेले. पण देणारा ती मजुरी म्हणून देत नसे. उपकार म्हणून देई, आणि वरून टाकी. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडा म्हणून सांगितले, तेव्हापासून आपल्या आयाबाया मुलांना एकच गोष्ट शिकवत आल्या, की कोणापुढे हात पसरायचा नाही.

हे शिक्षण योग्यच होते. पण त्याचे दोन परिणाम मी शाळामास्तर म्हणून रोज पाहतो. नवऱ्यामागे राहिलेली बाई मुलीची फी मागायला येत नाही, ती मुलीला शाळेतून काढते आणि मुलगी आजारी आहे असे सांगते. आणि ज्यांच्या घरी पहिल्यांदाच पगार आला आहे ते देतात तेव्हा कसे देतात? जयंतीच्या मंडपात ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारून घेतात. वह्या वाटतात तर वही घेणाऱ्या पोराला हारतुऱ्यासमोर उभे करून छायाचित्र काढतात. पाटलाची जागा रिकामी झाली आणि त्या जागेवर आपण जाऊन बसलो, असे या समारंभांतून मला वाटते. राग मानू नका, पण ज्याचे छायाचित्र निघते त्या पोराला एकदा विचारून पाहा.

तेव्हा प्रश्न असा आहे, की देणाऱ्याची मान ताठू नये आणि घेणाऱ्याची खाली जाऊ नये असे दान असते का? असते. तथागतांनी त्याची वाट दाखवून ठेवली आहे.

महाप्रजापती गौतमीची कथा तुम्ही ऐकली असेल. सिद्धार्थाची आई गेल्यावर जिने त्याला दूध पाजून वाढवले ती ही माउली. कपिलवस्तूच्या निग्रोधारामात ती स्वतःच्या हाताने सूत कातून विणलेली वस्त्रांची जोडी घेऊन आली आणि म्हणाली, भगवंतांनी ही स्वीकारावी. भगवंतांनी सांगितले, गौतमी, ही संघाला दे. तिने तीनदा विनवणी केली, तिन्ही वेळा तेच उत्तर आले. शेवटी आनंद मध्ये पडला. हिने तुम्हांला अंगावर पाजले आहे, हे उपकार आठवा, असे तो म्हणाला. त्यावर भगवंतांनी व्यक्तीला दिलेले दान आणि संघाला दिलेले दान यांतला भेद विस्ताराने सांगितला आणि संघदान श्रेष्ठ ठरवले. मज्झिम निकायात हे सुत्त आहे.

पुण्याच्या हिशेबाची भाषा बाजूला ठेवून या कथेकडे बुद्धीने पाहा. आईने मुलाला वस्त्र दिले तर ते प्रेमाचे देणे झाले, आणि त्यात वाईट काही नाही. पण तेच वस्त्र संघाच्या भांडारात गेले की ज्याला थंडी वाजते त्याला ते मिळते. तो कोणाचा मुलगा आहे हे पाहिले जात नाही. त्याने कोणाचे आभार मानायचे हा प्रश्नही उरत नाही. देणारी आणि घेणारा यांच्यामध्ये संघ उभा राहतो. विहाराची जागा देतानाही ती आलेल्या आणि न आलेल्या, चारी दिशांच्या संघाला देण्याची वहिवाट याच विचारातून पडली.

हा विचार नुसता ग्रंथात राहिला नाही. तो आपल्या महाराष्ट्रात दगडावर कोरलेला आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेणी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने लेणे तर दिलेच, शिवाय ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कधी न संपणारी ठेव, संघासाठी ठेवली. ही रक्कम त्याने विहारातल्या पेटीत ठेवली नाही. जवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे ती ठेवली. एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने, दुसरीकडे १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, हेही लेखात स्पष्ट आहे. पहिल्या ठेवीचे व्याज वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण असे द्यायचे होते.

आता माझ्या विद्यार्थ्यांना घालतो तसे गणित घालतो. २००० वर दरमहा शेकडा १ म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि २० भिक्खूंना प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. एकही कार्षापण इकडे तिकडे नाही. असा चोख हिशेब करून तो दगडावर कोरला. त्याआधी तो निगमसभेत वाचून दाखवला आणि दप्तरी नोंदवला, असेही तो लेख सांगतो. याच उषवदाताने ब्राह्मणांना हजारो गाई दिल्या हेही तिथेच लिहिले आहे, म्हणून त्याला आपण फार डोक्यावर घ्यायला नको. पण व्यवस्था पाहा. रक्कम विणकरांच्या हाती भांडवल म्हणून राहिली, त्यांचे माग चालले, आणि व्याजातून भिक्खूंचे चीवर झाले. याच लेण्यात पुढच्या काळातला आणखी एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी गोवर्धनच्या निरनिराळ्या श्रेणींकडे, त्यांत तेल गाळणाऱ्यांचीही श्रेणी होती, अशाच कायम ठेवी ठेवल्या. औषधपाण्याचा निधी उभारणाऱ्या त्या बाईची आठवण आपल्या महिला मंडळांनी अवश्य ठेवावी.

मुद्दल अभंग, उत्पन्न गरजूंना, हिशेब चारचौघांत. हीच कल्पना पुढे दूर अमेरिकेत एका बँकवाल्याला स्वतंत्रपणे सुचली. बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. त्यानंतर काही महिन्यांतच, २ जानेवारी १९१४ रोजी, ओहायो राज्यात एरी सरोवराच्या काठी क्लीव्हलंड शहरात फ्रेडरिक गॉफ नावाच्या गृहस्थांनी क्लीव्हलंड फाउंडेशन स्थापन केले. जगातले पहिले कम्युनिटी फाउंडेशन ते हेच. आपण त्याला लोकनिधी म्हणू.

गॉफ वकील होते आणि एका मोठ्या बँकेचे अध्यक्ष होते. श्रीमंत लोक मृत्युपत्रात धर्मादायासाठी पैसा ठेवून जातात आणि पुढे तो पैसा कसा अडकून पडतो, हे त्यांनी पाहिले होते. सेंट लुई शहरात ब्रायन मुलान्फी नावाचे माजी महापौर १८५१ मध्ये वारले. पश्चिमेकडे वस्तीला निघालेले गरीब प्रवासी त्या शहरातून गाड्या जुंपून जात, त्यांच्या मदतीसाठी ते मोठी रक्कम ठेवून गेले. पुढे रेल्वे आली, गाड्यांचे तांडे संपले, पण रक्कम त्याच कामाला बांधलेली राहिली. शहरात दुसरे गरजू होते, त्यांना ती देता येईना. मेलेला माणूस जिवंतांच्या तिजोरीवर हात ठेवून बसला. गॉफ यांचा तोडगा असा होता, की शहरातल्या लहानमोठ्या देणगीदारांनी आपला पैसा एका निधीत ठेवावा, मुद्दल बँकेने सांभाळावे, उत्पन्न कोणाला द्यायचे ते नागरिकांच्या समितीने दरवर्षी ठरवावे, आणि एखाद्या देणगीचा हेतू कालबाह्य झाला तर तो बदलण्याचा अधिकार समितीला असावा.

असा लोकनिधी स्वतः अनाथालय चालवत नाही, दवाखाना चालवत नाही. शहरात जी माणसे हे काम आधीच करत आहेत त्यांच्या संस्थांना तो अनुदान देतो. संस्था अर्ज करते. काय काम, किती माणसांसाठी, किती खर्च, त्यातला स्वतःचा वाटा किती हे ती लिहिते. निधीची माणसे जाऊन काम पाहतात, पैसा हप्त्याने जातो, वर्षाअखेर हिशेब येतो. आज जगातल्या अनेक देशांत असे शेकडो निधी आहेत.

मला त्यांची एक रीत फार आवडली. सुरुवातीला क्लीव्हलंडच्या निधीत वाटायला पैसा फारसा नव्हता, होती ती बहुतेक पुढे मिळणाऱ्या देणग्यांची वचने. तेव्हा त्यांनी हात बांधून न बसता पाहणी केली. १९१५-१६ मध्ये शहरातल्या सगळ्या शाळांची पाहणी लेनर्ड एअर्स यांच्याकडून करवून घेतली. १९२१-२२ मध्ये रॉस्को पाउंड आणि फेलिक्स फ्रँकफर्टर या नामांकित कायदेपंडितांकडून शहराच्या फौजदारी न्यायाची पाहणी करवून ती छापली. पैसा येण्याआधी दुःखाची मोजदाद. तथागतांनी तरी पहिले आर्यसत्य कोणते सांगितले?

परंतु या निधीचे गुणगान करून मी थांबणार नाही. तो पैसा कोणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीत पाच जण होते. त्यांतल्या काहींची निवड बँक करी, बाकीच्यांची महापौर आणि न्यायाधीश. ज्यांच्यासाठी अनुदान होते त्यांच्या वस्तीला एकही माणूस नेमण्याचा अधिकार नव्हता. दक्षिणेतून आलेल्या काळ्या लोकांनी क्लीव्हलंडची पूर्वेकडची वस्ती भरत गेली. जवळच मोठी रुग्णालये, विद्यापीठ, संग्रहालये, आणि शेजारी पडकी घरे, बेकारी. जुलै १९६६ मध्ये हफ वस्तीत उद्रेक झाला, दोन वर्षांनी ग्लेनव्हिल वस्तीत गोळीबार. पुढे २००८ मध्ये या लोकनिधीने रुग्णालये, विद्यापीठ आणि नगरपालिका यांना एकत्र आणून एव्हरग्रीन नावाच्या सहकारी संस्था उभ्या करण्याचे काम घेतले. रुग्णालयांना रोज ढिगाने चादरी धुवून लागतात. ते काम बाहेरच्या कंपनीला देण्याऐवजी वस्तीतल्या माणसांचा धुलाई कारखाना २००९ मध्ये ग्लेनव्हिलमध्ये सुरू झाला. तिथला कामगार पगारातून थोडी थोडी रक्कम भरून कारखान्याचा भागीदार होतो. २०१८ मध्ये क्लीव्हलंड क्लिनिक या प्रचंड रुग्णालयाच्या धुलाईचे कामही या सहकारी संस्थेकडे आले.

हे चांगलेच झाले. पण १९१४ आणि २००९ यांच्यामध्ये ९५ वर्षे गेली. दयाळू माणसे त्या समितीवर नव्हती असे कोणी म्हणणार नाही. मला उशिराचे एक कारण त्या पाच खुर्च्यांतच दिसते. जो उपाशी आहे तो सभेत बसलेला नसेल, तर सभा त्याला भाकर देईल. त्याला कारखान्याचा भागीदार करावे हे सभेला उशिरा सुचेल.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. त्यांचे स्वतःचे अमेरिकेतले शिक्षण अनुदानावरच झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, आणि तिच्या बदल्यात संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार. त्या अनुदानाने पदवी मिळाली. पण १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा त्याच शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. दात्याचे मन मोठे होते यात शंका नाही, पण दात्याच्या मनाने समाज बदलला नव्हता. म्हणून २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तिची रचना पाहण्यासारखी आहे. अध्यक्ष चिमणलाल सेटलवाड, म्हणजे बाहेरचे प्रतिष्ठित गृहस्थ. पण कारभार पाहणाऱ्या समितीचे प्रमुख स्वतः बाबासाहेब. बाहेरचा पैसा आणि प्रतिष्ठा घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, निर्णय मात्र त्यांनी आपल्या हातात ठेवला. पुढच्याच वर्षी सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले.

आणि दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात त्यांनी आपल्याकडे मागितले ते काय? प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा. श्रीमंत दाता शोधा असे ते म्हणाले नाहीत. महिन्याला २०,००० मिळवणाऱ्याचा विसावा हिस्सा १००० होतो, दिवसाला ४०० मजुरी मिळवणाऱ्या बाईचा २०. सगळ्यांना एवढे जमणार नाही हे मला ठाऊक आहे. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले, त्यांतले दोन उद्योगधंद्यासाठी आणि एक अडचणीच्या काळासाठी राखायला. घर उपाशी ठेवून दान करणे धम्माला मान्य नाही. समजा, एका वस्तीतली ४० घरे महिन्याला सरासरी २०० रुपये देतात. वर्षाला ९६,००० होतात. बँडवाल्याला एका रात्रीत यातले किती जाते, हे जयंती मंडळाच्या खजिनदाराला विचारा.

ही रक्कम कोठे जावी? पहिला विचार विहाराला फरशी बसवण्याचा येतो. फरशी बसवावी, पण आधी वस्तीत आणि शेजारच्या वस्तीत कोण काम करते ते पाहावे. कोणी एक ताई चार भिंतींच्या खोलीत बालवाडी चालवते, तिच्याकडे पत्रा गळतो. कोणी पदवीधर मुले संध्याकाळची अभ्यासिका चालवतात, त्यांना वीजबिल परवडत नाही. मार खाणाऱ्या बाईबरोबर पोलीस ठाण्यात जाणारा एखादा महिला गट असतो. गटारात उतरून मेलेल्या सफाई कामगाराच्या बायकोला तिचा हक्काचा मोबदला मिळवून देणारी संघटना असते. अशांना अनुदान द्यावे. त्यांत पारधी वस्तीवर काम करणारे असतील, मातंग किंवा मुसलमान मोहल्ल्यात काम करणारे असतील, तर त्यांना वगळू नये. चारी दिशांच्या संघाला दिलेल्या दानाला जातीचे कुंपण कसे घालणार? आणि दीघ निकायातल्या कूटदंत सुत्तात राजाला काय सल्ला दिला आहे तो वाचा. यज्ञाच्या आधी शेतकऱ्याला बी दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला वेतन दे. म्हणून अनुदान एकदाच्या जेवणावळीला देऊ नये, शिलाई यंत्राला, पुस्तकांना, बालवाडीच्या ताईच्या मानधनाला द्यावे. मानधनाला पैसे द्यायला लोक कचरतात, वस्तू दिली की समाधान वाटते. पण वस्तू मुलांना शिकवत नाही, ताई शिकवते.

परदेशातून आपल्या मुलांसाठी मदत आली हे आपण कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या, पुढे करुणा ट्रस्ट म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेचे बौद्ध कार्यकर्ते तिकडच्या घरोघर दार वाजवून वर्गणी गोळा करत, आणि त्यातून इकडच्या वसतिगृहांना, बालवाड्यांना आधार मिळाला. आपल्यासाठी परक्यांनी दार वाजवले, तर आपल्याला आपल्याच आळीत दार वाजवायला लाज कसली? शिवाय कायदाही बदलला आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी तिला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. मोठ्या संस्थेमार्फत ज्या लहान संस्थांना परदेशी अनुदान मिळत होते त्यांची ती वाट बंद झाली. गळक्या पत्र्याच्या बालवाडीला आता गावचाच आधार हवा.

निधी उभारायचा तर रीतसर उभारा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा आहे, त्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी करावी. पैसा बँकेत दोन-तीन सह्यांच्या खात्यात राहावा. वीस रुपयांचीही पावती फाडावी. आपल्यात संस्था फुटतात त्या तत्त्वावरून क्वचित, हिशेबावरून पुष्कळदा. ज्याने हिशेब मागितला त्याला समाजद्रोही ठरवण्याची खोड मी चांगल्या चांगल्या कार्यकर्त्यांत पाहिली आहे. उषवदाताने राजाचा जावई असून हिशेब सभेत वाचून दाखवला होता. आपण दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर जमाखर्च वाचायला काय हरकत आहे? देणाऱ्यांची नावे वाचू नयेत. रक्कम किती आली आणि कोणत्या कामाला गेली एवढेच वाचावे.

समितीत निम्म्या जागा अशा माणसांच्या असाव्यात ज्यांच्या घराला या कामाचा उपयोग होतो. बालवाडीत मूल असलेली मोलकरीण असावी, अभ्यासिकेतला मुलगा असावा. ती बाई बोलणार नाही, तिला काय कळते, असे कोणी म्हणेल. मागे आपल्याबद्दल गावाची सभा हेच म्हणत होती. तिला अर्ज लिहिता येत नसेल तर शिकलेल्या मुलांनी तिच्या शब्दांत तो लिहून द्यावा. आणि दर तीन वर्षांनी प्रत्येक अनुदान नव्याने तपासावे. गरज संपली असेल तर संस्थापकांचे मन न दुखावता ते दुसरीकडे वळवावे. मुलान्फींच्या ठेवीसारखी आपली ठेव निघून गेलेल्या गाड्यांची वाट पाहत राहू नये.

कोणी विचारील, आम्हीच गरजू आहोत, आम्ही देणारे कसे होणार? गौतमीने दिलेली वस्त्रे तिने स्वतः कातली होती. ज्या घरातून महिन्याला वीस रुपये निधीत येतात, त्या घरची बाई उद्या मुलीच्या फीसाठी त्याच निधीकडे आली तर ती मागायला आलेली नसेल. आपल्याच भांडारात ती येईल, आणि मुलगी आजारी आहे असे तिला सांगावे लागणार नाही.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. तोवर वस्तीची पाहणी होऊ शकते. एक शंभर पानी वही घ्या, शिकलेली चार मुले आणि दोन वडीलधाऱ्या बाया घराघरांतून पाठवा. कोणते मूल शाळेत जात नाही, कोणती म्हातारी एकटी आहे, कोणाचे औषध बंद पडले आहे, आणि त्यांच्यासाठी आज कोण काय करते आहे, एवढे लिहून आणा. वर्गणीदारांची यादी शेवटच्या पानापासून उलटी लिहीत या. पहिले पान पाहणीसाठी ठेवा.

जयभीम.